चौघांचं एकच नाव

आमच्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात सर्व्हरच्या खोलीचा एसी असा होता, की आत गेलेल्या माणसाच्या मिशीवर बाहेर येईपर्यंत दव धरायचं. मी एकदा डबा आत विसरलेलो. दुसऱ्या दिवशी वरणाच्या वड्या पाडून खाल्ल्या. हे ज्याला ज्याला सांगितलं तो हसला, पण एकानेही विचारलं नाही की वरण खरंच गोठलेलं का. गोठलेलं. वड्या पाडण्याइतकं नाही, पण गोठलेलं. आमच्या घराण्यात कुणी खोटं बोलत नाही. सत्य फारच अशक्त दिसलं तर त्याला थोडं खाऊपिऊ घालतात, इतकंच.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी एकदा निव्वळ खरं बोललोय आणि एकदा निव्वळ खोटं. कुठलं कधी ते सांगेनच. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मला आता सवय झालीय.

आम्ही चौघे होतो. लोकांचे सर्व्हर सांभाळायचे, हा आमचा धंदा. कुणाचं हॉस्पिटल, कुणाची शाळा, कुणाची रक्त-लघवी तपासायची लॅब. त्यांची यंत्रं चालू ठेवायची, भरली की रिकामी करायची, रुसली की समजूत काढायची. आम्ही एकमेकांना नावाने हाक मारत नसू. जो जिथून येतो ते त्याचं नाव. मी कल्याण. एक टिटवाळा, एक डोंबिवली. चौथी दिवा स्टेशनजवळची, पण ती आमच्यात सगळ्यांत मोठी, म्हणून ती ताई. डोंबिवलीने पहिल्याच आठवड्यात ‘ए दिवा’ म्हणून पाहिलेलं. ताईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याच्या स्क्रीनचा उजेड आपोआप कमी झाला.

सर्व्हरवर एक सर्वाधिकारी खातं असतं. त्याला रूट म्हणतात. बाकीच्या खात्यांना मशीन अडवतं, परवानगी आहे का म्हणून विचारतं. रूटला काही विचारत नाही. रूटने म्हटलं पाड, की मशीन भिंत पाडतं. आत कोण झोपलंय ते बघत नाही. असं हे खातं, आणि त्याचा पासवर्ड आम्हा चौघांत मिळून एक. तो कोणी ठेवला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. इतका जुना, की त्याला पेन्शन लागू झाली असती. कंपनी सोडून गेलेल्यांनाही तो पाठ. एकजण परदेशात स्थायिक झालेला, तो एका लग्नात भेटला. मंगलाष्टकं चालू असताना कानाशी येऊन त्याने मला तो शेवटच्या चिन्हासकट म्हणून दाखवला आणि डोळे पुसले.

हे चुकीचं आहे हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. प्रत्येकाला वेगळं खातं द्या, कोणी काय केलं ते नावानिशी टिपलं जाऊ द्या, असं आम्ही गिऱ्हाइकांना तोंड वर करून सांगायचो. पण वैद्याच्या घरी काढा कोण पितो?

आमचा आपला रुमाल होता. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा. ज्याला रूट म्हणून आत शिरायचंय त्याने आपला रुमाल खोलीतल्या जुन्या मॉनिटरवर टाकायचा. रुमाल आहे तोवर दुसऱ्याने हात लावायचा नाही. काम झालं की रुमाल उचलायचा. टिटवाळ्याचा रुमाल निळ्या चौकटीचा, ताईचा कडेला फुलं काढलेला, डोंबिवलीचा कधी धुतलेला नसायचा त्यामुळे लांबूनच कळायचा. मशीनला आम्ही सगळे एकच. माणसांना मात्र रुमालावरून कोण ते कळायचं. मला हे फार आवडायचं. सकाळी मशीनने काय काय केलं त्याची नोंद उघडायची: रूटने हे केलं, रूटने ते केलं, रूटने दुपारी जेवायच्या आधी अमुक दुरुस्त केलं. वाचताना वाटायचं, एका अंगात आम्ही चौघे राहतोय. चाळीतल्या एका नळासारखं.

मग काम घरी गेलं. आधी तात्पुरतं म्हणून गेलं आणि मग तिथेच राहिलं. रुमालही ग्रुपवर गेला. ‘शाळेवर रुमाल.’ ‘हॉस्पिटलवरून रुमाल उचलला.’ असे मेसेज. बाकी कुणी कुणाला काही लिहीत नसे. महिनोन्‌महिने मला माझ्या मित्रांकडून रुमाल सोडून दुसरं अक्षर आलं नाही.

कल्याणात माझ्या घरी मी आणि फ्रिज. आई होती तोवर तिघे होतो. फ्रिज मधूनमधून बोलतो, नाही असं नाही, पण त्याला गोष्ट पुढे नेता येत नाही. शेजारी भले लोक आहेत. दारं बंद असतात. मी एकदा प्रयोग म्हणून सकाळपासून एक शब्दही न बोलता बसून पाहिलं, किती वेळ चालतं ते. संध्याकाळी इस्त्रीवाला आला आणि मी ‘चार शर्ट’ म्हणालो, तर माझा आवाज ऐकून मीच दचकलो. हे वाढवून सांगत नाही. शर्ट तीन होते, एवढंच.

या सगळ्यात एक ताईचा फोन यायचा. दिव्यात त्यांच्या बिल्डिंगला पाणी यायचं ते संस्थानिकासारखं, मर्जी झाली की. आलं की खालच्या टाकीवर बायकांची हंडे-बादल्या घेऊन रांग. रांगेत उभ्या उभ्या ताई कानात इयरफोन घालून मला फोन लावायची.

“हां, सांग. काय झालं आज तुमच्या कल्याणात?”

आणि मी सांगायचो. त्यासाठी सकाळपासून तयारी असायची. दुधाच्या पिशवीपासून सुरुवात करून मी खाडीतून पाणबुडी काढून दाखवायचो. ताई मधेमधे “हो का!”, “मेल्या, थापाडा आहेस”, “अहो वहिनी, बादली पुढे घ्या तुमची”, असं म्हणत ऐकायची. तिची पाळी आली की गोष्ट असेल तिथे तुटायची. “ठेवते रे, पाणी लागलं.” उरलेली गोष्ट मी फ्रिजला सांगायचो.

त्या दिवशी लॅबच्या सर्व्हरची जागा भरत आलेली. डोंबिवलीतली लॅब ती, सकाळी रक्त द्यायला आणि दुपारी रिपोर्ट न्यायला माणसांची रीघ. ताईने ग्रुपवर लिहिलं, ‘लॅबवर रुमाल.’ आत शिरली, काय काय साठलंय ते बघितलं, आणि तेवढ्यात खालून आरोळी आली, पाणी आलं. ती तशीच उठली. रुमाल ग्रुपवर, रूट उघडं, आणि ताई हंडे घेऊन खाली.

मला फोन आला. मी गॅलरीत भाजलेल्या शेंगा फोडत बसलेलो. आमच्या बिल्डिंगमधला कावळा लिफ्टचं बटण दाबायला शिकलाय, ती गोष्ट काढली.

“चोचीने?” ताई म्हणाली.

“मग काय करंगळीने? वरच्या मजल्यावर जातो, श्राद्धाचं पान बघतो, नाही पटलं की खाली येतो. सेक्रेटरीने त्याला नोटीस काढलीय.”

“कावळ्याला?”

“मराठीत. त्याने वाचून फाडली.”

ताई अशी हसली की रांगेतल्या दुसऱ्या बायका काय झालं म्हणून विचारायला लागल्या आणि तिने त्यांना अर्धी गोष्ट माझ्याहून वाढवून सांगितली. मी ऐकत होतो. माझ्या गोष्टीवर दिव्यात एक अख्खी रांग हसत होती. इतकी माणसं माझ्या घरात फार दिवसांत आली नव्हती.

ती हंडे घेऊन वर पोचली तेव्हा ग्रुप पेटलेला. सरांचा मेसेज: ‘ताई, काय केलंस?’ सर म्हणजे आमचे मालक. लॅबमधले रिपोर्ट दिसेनासे झालेले. ताजे नाही, जुने नाही, सगळेच. मशीनमध्ये शेवटच्या हुकमांत एक ओळ सापडली, रिपोर्टांचं अख्खं फोल्डर उडवणारी. कुणीतरी जुनं काढून जागा करायला गेलेला आणि एक पायरी वरचं काढून बसलेला. करणाऱ्याचं नाव: रूट.

संध्याकाळपर्यंत आम्ही बरंचसं परत आणलं. आदल्या रात्रीची प्रत शाबूत होती. गेले ते त्या सकाळचे रिपोर्ट; ते लॅबवाल्यांना तपासणीच्या यंत्रांतून पुन्हा काढावे लागले. तोवर काउंटरवर माणसं खोळंबलेली. एका म्हाताऱ्याचं ऑपरेशन रिपोर्टावाचून पुढे गेलं म्हणे. लॅबचे डॉक्टर सरांना एकच वाक्य बोलले: “कोणी केलं त्याचं नाव द्या, नाहीतर मी दुसरीकडे जातो.”

नाव! इतकी वर्षं आमच्याकडे तेवढीच एक गोष्ट नव्हती. आम्ही सगळे घरून आधी ठाण्याच्या ऑफिसातल्या एका मशीनवर यायचो आणि तिथून पुढे जायचो, त्यामुळे लॅबच्या सर्व्हरला चौघांचा पत्ताही एकच दिसायचा. ठाण्याच्या मशीनवर कोण कुठल्या घरून आलं ते टिपायची सोय होती, पण ती जागा खाते म्हणून कधीतरी बंद केलेली. कोणी केलेली? रूटने.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला ठाण्याला बोलावलं. कितीतरी दिवसांनी चौघे एका टेबलाभोवती बसलो. टिटवाळ्याचे केस पिकलेले. डोंबिवलीला चष्मा लागलेला. मला खरं सांगायचं तर आनंद झालेला, आणि तो दाबता दाबता घाम फुटला.

“रुमाल कोणाचा होता?” सर म्हणाले.

“माझा,” ताई म्हणाली. “पण मी खाली पाण्यावर होते, सर.”

“म्हणजे रूट उघडं टाकून गेलीस?”

“सर, पाणी परत येत नाही आमच्याकडे.”

“आणि घरात कोण होतं?”

“सासूबाई. आणि हे, ते तर अंथरुणावरच. सासूबाईंना टीव्हीचा आवाज वाढवता येत नाही, त्या सर्व्हर काय उडवणार?”

कुणी हसलं नाही. टिटवाळा पंख्याकडे बघत होता. डोंबिवली फोन उलटासुलटा करत होता. दोघांपैकी एकजण तिच्या रुमालाखालून आत शिरलेला, हे मला समोरच्या पाण्याच्या ग्लासाइतकं स्वच्छ दिसत होतं. कोण, ते दिसत नव्हतं. दोघेही चांगली माणसं. दोघांच्याही चेहऱ्यावर सारखीच घाबरलेली सभ्यता.

मी म्हणालो, “सर, ताई तेव्हा रांगेत होती. मी साक्षीदार आहे. तिचा फोन चालू होता माझ्याशी.”

सर माझ्याकडे वळले. “काय बोलत होतात?”

इथे मी ‘कामाचं’ म्हणायला हवं होतं. पण मी ठरवलेलं, आज खाऊपिऊ घालायचं नाही, सत्य जसं असेल तसं हाडकुळं उभं करायचं. म्हणालो, “एक कावळा आहे. लिफ्टचं बटण दाबतो.”

टेबलाभोवती हसू फुटलं. सर हसले, डोंबिवली हसला, पंख्याकडे बघणारा टिटवाळासुद्धा हसला. फक्त ताई हसली नाही. मी फोन काढून कॉलची वेळ दाखवली. सरांनी डोळे पुसत ती बघितली.

“अरे, फोनवर बोलताना हात मोकळेच असतात ना? कानात इयरफोन, हातात कीबोर्ड. याने काय सिद्ध होतं?” मग गंभीर झाले. “ताई, मला डॉक्टरांना नाव द्यायचंय. रुमाल तुझा होता. तू घरी जाऊन विचार कर. स्वतःहून सोडलंस तर अनुभवाचं पत्र चांगलं देईन.”

खाली टपरीवर आम्ही दोघे चहा घेत उभे होतो. बाकीचे दोघे घाईत निघून गेलेले. ताईने ग्लास दोन्ही हातांत धरलेला, पीत नव्हती.

“तू कशाला तोंड उघडलंस रे?”

“खरं होतं ते.”

“खरं होतं! कावळा!” ती म्हणाली. “ह्यांचे पाय गेल्यापासून घर माझ्या एकटीवर आहे. या वयात मला कोण घेणार दुसरीकडे? आयुष्यात एकदा, एकदा तरी तुला साध्या माणसासारखं बोलता येत नाही का?”

त्या रात्री मी टिटवाळ्याला फोन केला. “मी नाही रे, आईशप्पथ.” डोंबिवलीला केला. “वेडा आहेस काय? मी कशाला?” दोघांचेही आवाज खरे वाटले. थापा मारणाऱ्याला थाप ओळखता येते असा माझा समज होता, तो तिथे संपला.

सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्याउभ्याच म्हणालो, “सर, मी केलं.”

आता यात माझा मोठेपणा शोधू नका. मी हिशेब करून गेलेलो. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलचं असं एक जुनाट मशीन आमच्याकडे होतं, की ते चालू करायची रीत माझ्याशिवाय कुणाला येत नव्हती. मी ती कुणाला शिकवली नव्हती. त्याला मंत्र लागतो असं सांगून ठेवलेलं. ताईला काढता येत होतं, मला काढलं तर हॉस्पिटल बंद. सरांना हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

“तू तर कावळ्याची गोष्ट सांगत होतास,” सर म्हणाले.

“हो. पण हात मोकळे होते.”

बस. एवढंच. ना कावळा, ना नोटीस. सरांनी पुढे एक शब्द न विचारता मान डोलावली. इतकी वर्षं मी या माणसाला एकाहून एक सरस गोष्टी सांगितल्या, त्यातली एकही त्याने गिळली नाही. आणि ही, जिला धड डोकं नाही, शेपूट नाही, ती त्याने सुपारीसारखी तोंडात टाकली. स्वतःच्या विरुद्ध कुणी खोटं बोलत नाही, असं लोकांना वाटतं. मला त्या क्षणी थोडा अपमान वाटला. सरळ सांगतो.

सरांनी डॉक्टरांना माझं नाव दिलं. ताईची नोकरी राहिली. ग्रुपवर सरांनी दोन ओळी टाकल्या, आणि डोंबिवलीचा लगेच मेसेज आला, ‘तू होय रे!’ टिटवाळ्याने नुसता अंगठा पाठवला. दोघांनाही हायसं वाटलेलं, आणि दोघांपैकी एकाला ठाऊक होतं की मी खोटं बोलतोय. तो अजूनही ते मनात ठेवून आहे. मला दिवाळीला दोघांकडूनही शुभेच्छा येतात, आणि मी दोन्ही वाचताना हाच विचार करतो.

दुपारी ताईचा फोन आला. पाठीमागे पाण्याचा आवाज नव्हता.

“तू केलंस?”

मी गॅलरीचं दार लावून घेतलं. “नाही गं. सरांना काहीतरी सांगायला हवं होतं. तुझी नोकरी...”

“माझ्या रुमालाखाली शिरलास. आणि वर मला हसवत होतास.”

“ताई, ऐक. मी केलं नाही. खोटं सांगितलं त्यांना.”

“मी ऐकलेलं,” ती म्हणाली. “गोष्ट सांगत होतास तेव्हा मागे टकटक चाललेली. मला वाटलं, बिचारा काम करत करत माझ्याशी बोलतोय.”

“त्या शेंगा होत्या.”

“काय?”

“शेंगा. फोडत होतो. भाजलेल्या.”

तिने तो शब्द स्वतःशीच पुटपुटून पाहिला. मग म्हणाली, “आधी कावळा. आता शेंगा. दोन दिवस मी जेवले नाही रे. तू माझ्यासमोर चहा प्यायलास.”

मी काय काय म्हणालो ते आता आठवत नाही. आईची शपथ घेतली, पण माझी आई गेलेली आहे हे तिला ठाऊक. जितकं जास्त बोललो तितकं ते माझ्याच एखाद्या गोष्टीसारखं वाटायला लागलं, मलासुद्धा. तिने फोन ठेवला नाही. “बरं,” म्हणाली आणि थांबली, मी ठेवावा म्हणून. मी ठेवला.

नंतर सरांनी घर नीट लावलं. पासवर्ड बदलून बंद पाकिटात त्यांच्या कपाटात गेला. प्रत्येकाला आपापलं खातं, आपापलं पूर्ण नाव. मशीनवर माझं आडनाव पहिल्यांदा उमटलं तेव्हा मी ते जरा वेळ बघत बसलो. शाळेच्या हजेरीनंतर कुणी ते इतकं नीट लिहिलं नव्हतं. रूटचे अधिकार हवे असले की आता अर्ज करायचा, चौकटीत कारण लिहायचं, मग ते थोडा वेळ मिळतात. काय केलं ते सगळं त्या नावापुढे टिपलं जातं. हे असंच हवं, यात मला शंका नाही. असं आधी असतं तर ताईला कावळ्याच्या साक्षीवर उभं राहावं लागलं नसतं.

बाकीचे घरून काम करतात. मला शिक्षा म्हणून रोज ठाण्याला येऊन सर्व्हरच्या शेजारच्या टेबलावर बसायचं ठरलं, सरांच्या नजरेसमोर. सर महिन्यातून एखाद्या वेळी येतात. म्हणजे नजर नाही, टेबल आहे. सकाळी मी नोंद उघडतो. एका रांगेत टिटवाळ्याचं नाव, त्याखाली डोंबिवलीचं, आणि मग माझंच, माझंच, माझंच. पूर्वी या यादीत गर्दी असायची.

अर्जांची कारणं तपासायचं काम सरांनी ताईला दिलं. तिची नजर बारीक, आणि त्या प्रकरणानंतर तिच्याइतका खरा माणूस आमच्यात कुणी उरला नाही असं सरांचं मत. मी कारण लिहायचं, ताईने वाचून ‘मंजूर’ करायचं.

हे कळल्यावर मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. चौकट लहान होती, पण मजकूर खाली वाढत जायचा. ‘कारण: शाळेच्या सर्व्हरला रात्री स्वप्न पडलं की तो कॅल्क्युलेटर झालाय. सकाळपासून फक्त बेरीज करतोय. धीर देण्यासाठी पुन्हा सुरू करणे.’ मंजूर. ‘कारण: हॉस्पिटलचं मशीन उपास धरून बसलंय, एकादशी आहे की काय ते आत जाऊन पाहणे.’ मंजूर. ती वाचत होती. मंजूर व्हायला लागणाऱ्या वेळावरून मला कळायचं, की ती शेवटपर्यंत वाचते. मी सकाळपासून तयारी करू लागलो. काम नसलं तर काम काढायचो. माझ्या कारणांत पाणबुडी परत आली.

मग एका अर्जाखाली पहिल्यांदा शेरा आला.

‘कारण थोडक्यात लिहावे.’

लिहावे. ‘लिही मेल्या’ नाही, ‘लिही’ही नाही. ताई माझ्याशी अशा मराठीत कधी बोललेली नव्हती. मी ते वाचून खुर्चीत टेकलो, आणि शेजारच्या खोलीत पंखे घरघरत होते, सगळे एका सुरात.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या सर्व्हरची जागा पुन्हा भरत आली. मी अर्ज उघडला आणि थोडक्यात लिहिलं: ‘त्या दिवशी मी सर्व्हरवर नव्हतो. गॅलरीत होतो. तू हसत होतीस ते ऐकत होतो. ते फोल्डर मी उडवलेलं नाही.’

वाढवलं काही नाही. एकही शब्द नाही.

मंजुरी आली नाही. जेवणाची वेळ गेली. अर्जापुढे ‘वाचले’ अशी खूण उमटलेली, म्हणजे दिव्यात तिच्यासमोर ते उघडलेलं होतं. मी डबा उघडला नाही. लॅबची जागा भरत चाललेली, आणि ती पूर्ण भरली तर दुपारचे रिपोर्ट निघणार नाहीत, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

शेवटी शेरा आला.

‘कारण कामाशी संबंधित नाही. दुरुस्त करून पुन्हा पाठवावे.’

मी ते पुसलं. लिहिलं, ‘लॅबच्या सर्व्हरवर जागा करणे.’

लगेच मंजूर झालं. मी आत शिरलो, आणि माझं नाव पुढे लागलं.